डबा आणि तोंड यांच्यामधलं अंतर

दिवाळी संपून आठवडा झाला की फराळाच्या डब्यांची पाहणी करावी. अनारसे जवळजवळ तसेच असतात. करंज्या नेमक्या किती उरल्यात हे घरात सगळ्यांना पाठ असतं. लाडूंवर आजीची नजर असते. चिवड्याचा डबा मात्र तळाला गेलेला असतो, आणि तो कुणी संपवला हे कुणालाच सांगता येत नाही. एकानेही बशी भरून, बसून चिवडा खाल्लेला नसतो. कुणी पाणी प्यायला गेलं, कुणी फोनवर बोलत स्वयंपाकघरात फिरत होतं, कुणी कुकरच्या शिट्ट्या मोजत उभं होतं. प्रत्येकाचं म्हणणं एकच, "मी थोडासाच घेतला होता." ते खोटंही नसतं. थोडासाच घेतलेला असतो, फक्त दिवसातून आठ-दहा वेळा.

हा लेख अशा खाण्याबद्दल आहे. चिवडा, शेव, फरसाण, भडंग, बाकरवडी, वेफर्स, खारे दाणे, म्हणजे डब्यात राहणारं, येता-जाता तोंडात टाकायचं सगळं. ते सोडा असं मी सांगणार नाही. "उद्यापासून फरसाण बंद" असं जाहीर करणारा माणूस परवा रात्री अकरा वाजता अंधारात डब्याचं झाकण आवाज न करता उघडत असतो, आणि तेव्हा तो नेहमीपेक्षा जास्तच खातो. मला वाटतं, इथे मनोनिग्रहाला फार कामाला लावू नये. डबा आणि तोंड यांच्यामध्ये थोडं अंतर निर्माण करावं, बाकीचं काम ते अंतर करतं. ते कसं निर्माण करायचं हे समजायला आधी हात का थांबत नाही ते पाहू.

पातळ पोह्यांच्या चिवड्याचा एक घास सावकाश खाऊन बघा. पोहे क्षणात विरतात. मग डाळं लागतं, मग शेंगदाणा, मग खोबऱ्याचा तळलेला काप. मध्येच कढीपत्त्याचं कुरकुरीत पान, कुठे मिरचीचा तुकडा, आणि सगळ्यावर मीठ आणि पिठीसाखर. दुसऱ्या घासात हेच सगळं, पण वेगळ्या प्रमाणात. यावेळी दाणे दोन आले, खोबरं आलंच नाही. मग खोबऱ्यासाठी तिसरा घास. माणसाच्या जिभेला एकाच चवीचा लवकर कंटाळा येतो आणि पोट भरण्याआधीच हात मंदावतो. नुसता भात खाताना हे जाणवतं. चव बदलली की कंटाळा मोडतो. संशोधक बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकात यावर बरेच प्रयोग केले. 1984 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही जणांना एकामागून एक चार वेगवेगळे पदार्थ वाढले आणि काहींना चारही वेळा एकच पदार्थ. वेगवेगळे पदार्थ मिळालेल्यांच्या पोटात सुमारे 60 टक्के जास्त कॅलरी गेल्या. चिवड्यात हे चार पदार्थ एका मुठीत येतात. जेवणानंतर 'पोटात तसूभर जागा नाही' म्हणणाऱ्याला गुलाबजामासाठी जागा सापडते, तीही याच कारणाने.

दुसरी गोष्ट आवाजाची. ऑक्सफर्डमधले मॅसिमिलियानो झँपिनी आणि चार्ल्स स्पेन्स यांनी 2004 साली लोकांच्या कानांवर हेडफोन चढवले आणि त्यांना प्रिंगल्स खायला दिले. चावण्याचा आवाज, विशेषतः त्यातला उंच पट्टीचा भाग, वाढवून ऐकवला की तेच वेफर लोकांना जास्त कुरकुरीत आणि ताजे वाटले. या कामाला 2008 मध्ये इग नोबेल मिळालं. ते पारितोषिक थट्टेचं मानलं जातं, पण फरसाणवाल्यांचा सगळा धंदा या आवाजावर उभा आहे. सादळलेली शेव चवीला तीच असते, तिचं वजनही तेवढंच असतं, तरी ती कुणी संपवत नाही.

तिसरं कारण वेगाचं. कुरकुरीत, तेलकट पदार्थाला चावावं लागत नाही, तो तोंडात मोडतो आणि नाहीसा होतो. पोट भरल्याची जाणीव व्हायला साधारण पंधरा-वीस मिनिटं लागतात, तोवर पाव किलोचं पाकीट अर्धं झालेलं असतं. अमेरिकेतल्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये केविन हॉल यांनी 2019 साली वीस जणांना संस्थेतच ठेवून घेतलं आणि दोन आठवडे कारखान्यात बनलेलं अतिप्रक्रियायुक्त अन्न, दोन आठवडे साधं अन्न असं दिलं. वाढलेल्या ताटांमध्ये कॅलरी, साखर, मीठ, चरबी, तंतू यांचं प्रमाण सारखं राखलं होतं, आणि हवं तेवढं खायची मुभा होती. कारखानी अन्नाच्या दोन आठवड्यांत माणसं दिवसाला सुमारे 500 कॅलरी जास्त खात होती, आणि भराभर खात होती. घरचा चिवडा कारखान्यातला नसतो हे खरं, पण वेगाच्या बाबतीत तो फारसा मागे नाही.

या तिन्हींपेक्षा मोठं कारण मात्र मला दुसरंच वाटतं. चिवड्याला नग नसतो. चकल्या चार खाल्ल्या की चार खाल्ल्या हे कळतं. पाचवी उचलताना हात किंचित अडखळतो. लाडवाचंही तसंच. चिवडा, शेव आणि दाणे यांचा हिशेब ठेवायला शेंडाबुडखा सापडत नाही. मूठ संपली की पुढची मूठ, आणि डबा संपला तर कळतं.

आता आकडे. तळलेला चिवडा, शेव, गाठी यांत 100 ग्रॅममागे साधारण 500 ते 550 कॅलरी असतात, दाण्यांत त्याहून थोड्या अधिक. मोठ्या माणसाची भरलेली मूठ पंचवीस-तीस ग्रॅमची धरली तर दीडशे कॅलरी होतात. मध्यम आकाराची, तेल न लावलेली पोळी शंभराच्या आसपास. म्हणजे संध्याकाळभरात येता-जाता चार मुठी झाल्या तर सहा पोळ्या पोटात गेल्या, आणि रात्रीचं जेवण अजून व्हायचंच आहे. सहा पोळ्या कुणी ओट्याजवळ उभ्याने, भाजीशिवाय खाणार नाही.

तेव्हा पहिला उपाय म्हणजे चिवड्याला नग द्या. नग म्हणजे वाटी. आमटीची नको, कोशिंबिरीची किंवा चटणीची छोटी वाटी घ्या. डब्यातून वाटीत काढा, झाकण घट्ट लावा, डबा जागेवर ठेवा आणि मग बसून खायला सुरुवात करा. क्रम महत्त्वाचा आहे. डबा उघडा ठेवून समोर वाटी घेतली तर ती वाटी सजावटीपुरती उरते. शक्य असेल तर चमच्याने खा. मुठीने बकाणा भरता येतो, छोट्या चमच्याने भरता येत नाही. आणखी एक करा. घरात स्वयंपाकाचा वजनकाटा असेल तर एकदाच आपली वाटी भरून वजन करून बघा. पातळ पोह्यांचा चिवडा फुगीर असतो. त्याच वाटीत खारे दाणे घातले तर वजन दुपटीहून अधिक भरतं. दाण्यांना वेगळी, आणखी छोटी वाटी लागते हे तेव्हा पटतं.

दुसरा उपाय जागेचा. जेवणाच्या टेबलावर पारदर्शक बरणीत शेव ठेवणं म्हणजे दिवसभर सगळ्यांना आग्रह करत राहणं. स्टीलचा डबा बरा, आणि तो वरच्या फळीवर बरा, जिथे चवड्यांवर उभं राहावं लागेल किंवा स्टूल ओढावं लागेल. एवढ्याशा कष्टाने काय होणार असं वाटेल, पण येता-जाता खाणं कष्ट नसतात म्हणूनच होतं. स्टूल आणायला जाताना माणसाला विचार करायला वेळ मिळतो, आणि बऱ्याचदा तेवढ्यात चहाला उकळी येते.

केलेला सगळा चिवडा एका मोठ्या डब्यात भरू नका. आठवड्यापुरता छोट्या डब्यात, बाकीचा दोन-तीन घट्ट झाकणाच्या डब्यांत, कपाटात मागे. यात खाण्यावर लगाम आहेच, शिवाय पदार्थही टिकतो. डबा उघडला की दरवेळी दमट हवा आत जाते आणि पोहे सादळतात. हवा आणि उजेड लागून तेल खवट होतं. वेफर्सच्या पाकिटात नायट्रोजन भरतात तो हवेतला ऑक्सिजन बाहेर ठेवण्यासाठीच. आपल्या घरी नायट्रोजन नाही, तर निदान डबा गळ्यापर्यंत भरलेला असावा आणि वारंवार उघडला जाऊ नये. मऊ पडलेला चिवडा जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर चार-पाच मिनिटं परतला तर पुन्हा कुरकुरीत होतो. पूर्ण गार झाल्याशिवाय मात्र डब्यात भरू नका, नाहीतर त्याच्याच वाफेने संध्याकाळपर्यंत पुन्हा मऊ.

तिसरा उपाय मला सगळ्यांत आवडतो, कारण त्यात खाणं कमी होतं आणि चव वाढते. पदार्थात ओलं काहीतरी घाला. सांगली-कोल्हापूरकडे भडंग कच्च्या कांद्याबरोबर खातात, वर कोथिंबीर आणि लिंबू. चिवड्यालाही हेच करा. छोटी वाटीभर चिवडा, त्यात बारीक चिरलेला कांदा, काकडी, टोमॅटो आणि चार थेंब लिंबू. बशी भरते, चावावं लागतं, आणि दहा मिनिटांत ते मऊ पडत असल्याने दुसऱ्या वाढपाची सोय राहत नाही. पुढची बशी हवी तर पुन्हा कांदा चिरायला बसावं लागतं. दाण्यांच्या बाबतीत तर निसर्गानेच सोय केली आहे. सोललेले खारे दाणे आणण्याऐवजी भाजलेल्या शेंगा आणा. प्रत्येक दाण्यासाठी टरफल फोडावं लागतं आणि टरफलांचा ढीग समोर साचत जातो. सोबत गुळाचा खडा असेल तर हा मेवा कुठल्याही पाकिटापेक्षा सरस. सुरकुतलेला, बुरशीचा वास येणारा किंवा कडू लागणारा दाणा मात्र थुंकून द्या.

चौथी गोष्ट वेळेची. संध्याकाळी सातला कडकडून भूक लागलेली असताना डबा उघडला की वाटीबिटी काही चालत नाही. दुपारचं जेवण एकला आणि रात्रीचं नऊला असेल तर मधल्या वेळची भूक खरी आहे. तिला चिवड्याने फसवू नका. पाच-साडेपाचला थालीपीठ, उपमा, वाटीभर उसळ, केळं, ताक असं काहीतरी पोटाला आधार देणारं खा आणि चिवडा त्यानंतर, चहाबरोबर, चवीपुरता. पोट रिकामं नसेल तर छोटी वाटी खरोखर पुरते. क्रिकेटची मॅच चालू असताना पाकीट मांडीवर घेऊन बसू नका, कारण लक्ष दुसरीकडे असलं की माणूस जास्त खातो हे अनेक प्रयोगांत दिसलं आहे. मॅचच असेल तर वाट्या भरून डबा आत ठेवून या. पुन्हा उठायचं तर ओव्हर चुकेल, ही भीती कामाला येते.

घरी चिवडा करणाऱ्यांच्या हातात आणखी बरंच काही असतं. भाजके पोहे तळणीत सोडले की तेल पितात. पातळ पोहे एक-दोन उन्हं दाखवून किंवा मंद आचेवर भाजून घेतले तर अर्ध्या किलोला पाऊण वाटी तेलाची फोडणी पुरते. त्याच तेलात आधी दाणे, मग खोबऱ्याचे काप, मग डाळं आणि कढीपत्ता परतून घ्यायचा. तेलाचं तापमान थोडं उतरल्यावर हळद, नाहीतर ती जळते. मीठ आणि साखर मिक्सरमधून अगदी बारीक करून घाला. बारीक मीठ जिभेवर लगेच विरघळतं, म्हणून कमी मिठात तेवढीच चव लागते. खडबडीत मीठ डब्याच्या तळाशी जाऊन बसतं, वरचा चिवडा अळणी आणि खालचा खारट होतो. तळणीचं उरलेलं तेल पुन्हा पुन्हा तळणीला वापरू नका. ते काळपट झालं, फेसाळायला लागलं किंवा लवकर धुरावलं की टाकून द्या. हॉटेल आणि फरसाणवाल्यांसाठी याचा कायदेशीर निकषही आहे. तळणीच्या तेलात घातक ध्रुवीय संयुगं 25 टक्क्यांच्या वर गेली की ते वापरता येत नाही. गिऱ्हाईकाला ते मोजता येत नाही, पण नाक असतं. ज्या दुकानात शेव रोज पडते आणि रोज संपते तिथून घ्या, आणि घेताना चिमूटभर मागून वास घ्या. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही.

पाकीट घेत असाल तर मागची बाजू वाचा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पामतेल दुसऱ्या क्रमांकावर असेल तर तुम्ही डाळीखालोखाल तेल विकत घेताय. सोडियमचा आकडा मिलिग्रॅममध्ये दिलेला असतो, त्याला अडीचने गुणलं की मीठ कळतं. 100 ग्रॅममागे 800 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे दोन ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात पाच ग्रॅमच्या आत मीठ खा म्हणते, आणि त्यात आमटी, भाजी, लोणचं, पापड सगळं धरलेलं आहे. ट्रान्स फॅटची मर्यादा मात्र 2022 पासून आपल्याकडे दोन टक्क्यांवर आली आहे, तेवढी काळजी कमी झाली. 'डाएट चिवडा' या प्रकाराबद्दल मी साशंक आहे. भाजलेले कुरमुरे, ज्वारीच्या लाह्या, मखाणे हे खरोखर हलके असतात, पण पाकिटावर 'डाएट' छापलं की वाटीची मोठी वाटी होते आणि सगळा फायदा तिथेच फिटतो. कित्येकदा तो भाजलेला नसून कमी तेलात तळलेला असतो. मला विचाराल तर आवडीचाच चिवडा घ्या, चांगल्या दुकानातला, नाशिकचा असो की पुण्याचा, आणि पाव किलोच घ्या. न आवडणारा हलका चिवडा माणूस खातो आणि मग समाधान झालं नाही म्हणून वर आवडता खातो.

मधुमेह असलेल्यांमध्ये एक गैरसमज पक्का असतो, की गोड टाळलं की झालं. पोहे, कुरमुरे आणि मैदा यांची साखरच होते, आणि चिवड्यात पिठीसाखर वेगळी. रक्तदाबवाल्यांना गोडाचं भय नसतं, पण खारे दाणे आणि शेव त्यांनीच जपून खायला हवी. दोघांनीही आपल्या डॉक्टरांना "फराळ किती चालेल" असं गुळमुळीत न विचारता वाटी दाखवून विचारावं. चार वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे, फुटाणे देऊ नका, ते श्वासनलिकेत अडकू शकतात. मोठ्या मुलांच्या बाबतीत एवढंच, की अभ्यास केला म्हणून वेफर्स आणि रडू थांबावं म्हणून वेफर्स ही सवय लावू नका. चहाच्या वेळी सगळ्यांना वाटीत मिळतं तसं त्यांनाही मिळू द्या.

गोड चाळ्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, कारण बहुतेक गोडाला नग असतो. अपवाद शंकरपाळीचा. ती चिवड्याच्या जातीची आहे, बारीक, खुसखुशीत आणि मोजायला कठीण. तुपाचं मोहन जितकं सढळ तितकी ती तोंडात लवकर विरघळते आणि हात लवकर परत जातो. मोठ्या आकाराच्या शंकरपाळ्या कापा, बोटभर लांब. दिसायला जरा गावठी दिसतात, पण पाच-सहांत समाधान होतं.

पाहुण्यांसाठीही थोडा बदल करता येईल. आपल्याकडे फराळाची बशी शिगोशीग भरून देण्याची रीत आहे, आणि पाहुणा बशीत टाकायला लाजतो. छोटी बशी द्या, मधोमध डबा न ठेवता चमचा घालून वाडगा ठेवा, ज्याला हवं तो पुन्हा घेईल. परदेशातल्या मुलांकडे जाताना बॅगेत बाकरवडी आणि चिवडा कोंबणाऱ्या आईवडिलांना हे सांगून उपयोग नाही, आणि तिथे गरजही फारशी नसते. सहा महिन्यांनी मिळालेला पुडा ती मुलं पुरवून पुरवून खातात.

इथे गावातल्या गावात कुणाकडे जाताना मात्र किलोचा पुडा नेऊ नका. घरात दोनच माणसं असतील तर तो पुडा त्यांच्या रोजच्या चहाला चिकटतो, आणि टाकायचा कसा म्हणून संपवला जातो. पाव किलो न्या, चांगल्या दुकानातून, त्याच दिवशी आणलेला. उरलेल्या पैशांत मोसमाप्रमाणे पेरू, बोरं किंवा संत्री घ्या.